विश्लेषण : घरी पहिली बिअर करायची तर… मंडईत काय मिळते, कायद्यात काय बसते?

जव, पाणी, हॉप्स आणि यीस्ट. बिअरला एवढ्या चारच जिनसा लागतात. त्यातले जव पुण्याच्या मंडई परिसरात मिळतात, पाणी नळाला येते आणि उरलेल्या दोन गोष्टी ऑनलाइन बाजारात विकायला दिसतात. आंबवण्याची कला तर मराठी स्वयंपाकघराला नवी नाही. तरीही महाराष्ट्रात घरी बिअर करणे हा गुन्हा आहे, मग ती एक बाटली असो की वीस. पहिली बॅच नेमकी कशी तयार होते, ती कुठे बिघडते, कायदा कोणत्या पायरीवर आडवा येतो आणि त्या पायरीच्या अलीकडे थांबून घरी काय करता येते, याचा हा आढावा.

हा प्रश्न आताच का?

गेल्या दीड दशकात पुण्यात ताजी बिअर जागेवर तयार करून देणाऱ्या मायक्रोब्रुअरी रुजल्या. काचेपलीकडची चकचकीत पिंपे पाहिलेल्या ग्राहकाला ‘हे घरी जमेल का’ असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यात अमेरिका, ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियात राहणारे नातेवाईक आणि मित्र गॅरेजमध्ये केलेल्या बिअरचे फोटो पाठवतात. तिकडे हा सुतारकाम किंवा बागकामासारखा कायदेशीर छंद आहे. इकडे तेच सामान एका क्लिकवर दिसते, पण ते विकत घेताना कायद्याचा इशारा ठळकपणे समोर येईलच असे नाही. ‘विकायची नाही, घरीच प्यायची आहे, मग हरकत काय’ या समजुतीवर अनेक जण विसंबतात. ती समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे.

बिअर म्हणजे नेमके काय?

धान्यातल्या पिष्टाची साखर करायची आणि त्या साखरेचे यीस्टकडून अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड करून घ्यायचे, हा बिअरचा गाभा. द्राक्षात साखर आयतीच असते, त्यामुळे वाइनला पहिली पायरी लागत नाही. धान्यात ती नसते, म्हणून आधी धान्याला मोड आणावे लागतात. मोड येताना दाण्यात अमायलेज नावाची विकरे तयार होतात आणि पिष्ट फोडून साखर करण्याचे काम तीच करतात.

ही पायरी महाराष्ट्राला परकी नाही. बाळासाठी नाचणीचे सत्त्व करताना नाचणी भिजवतात, मोड आणतात, सावलीत वाळवतात आणि दळतात. बिअरच्या भाषेत याला ‘माल्ट’ करणे म्हणतात. सत्त्वाची खीर साध्या नाचणीच्या पिठापेक्षा पातळ आणि गोडसर लागते, ती याच विकरांमुळे. युरोपात नाचणीऐवजी जव वापरले गेले, आफ्रिकेच्या अनेक भागांत ज्वारी. म्हणजे बिअर हा एकाच देशाचा किंवा एकाच धान्याचा मक्ता नाही.

जर्मनीतील बव्हेरियात १५१६ मध्ये निघालेल्या प्रसिद्ध फर्मानात बिअरसाठी जव, हॉप्स आणि पाणी या तीनच गोष्टींचा उल्लेख होता. यीस्ट त्यात नव्हते, कारण आंबवणारा जीव कोणता हे तेव्हा ठाऊकच नव्हते. लुई पाश्चरने १८७६ मध्ये बिअरवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. चांगली बिअर यीस्टमुळे होते आणि नको असलेल्या जंतूंमुळे ती नासते, ही समज त्यातून पक्की झाली.

मंडईत काय मिळते, काय नाही?

महात्मा फुले मंडईची दगडी इमारत १८८६ मध्ये ‘रे मार्केट’ म्हणून उभी राहिली. आज भुयारी मेट्रोचे स्थानक तिच्या शेजारी आहे. भाजी-फळांचे गाळे, भोवतालची किराणा दुकाने, हाकेच्या अंतरावरची तुळशीबागेतली भांड्यांची दुकाने, असा हा परिसर आहे. बिअरच्या दृष्टीने पाहिले तर इथे बरेच काही सापडते.

जव त्यात पहिले. घटस्थापनेला घटाभोवती जे धान्य पेरतात त्यात जव असतात. मात्र पाकिटातली पांढरी, गुळगुळीत बार्ली वेगळी. तिचे साल काढून ती घासलेली असते, त्यामुळे तिला मोड येत नाहीत आणि माल्टसाठी ती निरुपयोगी ठरते. अख्खे, सालासकटचे जवच लागतात. ‘सातू’ या शब्दानेही घोटाळा होतो. शब्दकोशात सातू म्हणजे जव, पण घरोघरी ‘सातूचे पीठ’ म्हणून गहू आणि डाळे भाजून केलेले पीठ ओळखले जाते.

धणे आणि संत्र्याची साल याही मंडईतल्याच वस्तू. बेल्जियमच्या ‘विटबिअर’ या गव्हाच्या बिअरला तिचा खास वास याच दोन गोष्टींनी येतो. आले, गूळ आणि हंगामी फळे यांचाही जगभर वापर होतो.

मंडईत न मिळणारी मुख्य गोष्ट म्हणजे हॉप्स. ही एका वेलीची हिरवी, शंकूसारखी फुले. थंड हवेत येणारा हा वेल भारतात हिमाचल प्रदेशातल्या लाहौल खोऱ्यात लावला गेला आहे. हॉप्समुळे बिअरला कडूपणा आणि वास येतो, शिवाय काही जंतूंची वाढ रोखली जाते. यीस्टच्या बाबतीत थोडी गंमत आहे. पावाचे यीस्ट आणि एल प्रकारच्या बिअरचे यीस्ट एकाच प्रजातीचे, सॅकरोमायसीस सेरेव्हिसी. पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीमुळे दोघांचे स्वभाव वेगळे झाले. पावाचे यीस्ट कणीक झटपट फुगवते, पण बिअरमध्ये ते नीट तळाशी बसत नाही आणि चवही ओबडधोबड येते.

पहिली बॅच कशी तयार होते?

जिथे हा छंद कायदेशीर आहे तिथे नवशिके बहुधा वीस लिटरच्या आसपासची बॅच करतात. साडेचार-पाच टक्के अल्कोहोलच्या साध्या बिअरसाठी त्याला चार ते पाच किलो माल्ट लागते.

पहिली पायरी भिजवण्याची. जाडसर भरडलेले माल्ट सुमारे ६५ ते ६८ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर ठेवतात. तापमान फार वाढले तर विकरे निकामी होतात, फार कमी राहिले तर पिष्ट नीट फुटत नाही. तासाभरात पिठूळ पाणी गोड होते. शाळेतला आयोडिनचा प्रयोग इथे कामी येतो. थेंबभर पाण्यात आयोडिन टाकल्यावर रंग निळा-काळा झाला तर पिष्ट अजून शिल्लक आहे.

दुसरी पायरी गाळून उकळण्याची. चोथा बाजूला काढून गोड पाणी साधारण तासभर खळखळून उकळतात. हॉप्सचा कडूपणा उतरायला एवढा वेळ लागतो. वासासाठीचे हॉप्स शेवटच्या काही मिनिटांत टाकतात, नाहीतर वास वाफेबरोबर उडून जातो.

तिसरी पायरी थंड करण्याची. वीस लिटर उकळते पाणी वीस अंशांवर लवकरात लवकर आणावे लागते. कोमट पाणी ही जंतूंची आवडती जागा असल्याने इथे रेंगाळून चालत नाही. बर्फाच्या पाण्यात भांडे ठेवणे किंवा तांब्याच्या नळीतून थंड पाणी खेळवणे, हे नेहमीचे उपाय.

चौथी पायरी यीस्टची. वीस लिटरला साधारण दहा-बारा ग्रॅमची एक पुडी पुरते. वायू बाहेर पडेल पण हवा आत येणार नाही, अशी झडप लावलेल्या पिंपात हे मिश्रण १८ ते २२ अंशांत एक-दोन आठवडे ठेवतात. पहिल्या दिवसांत फेस येतो, झडप बुडबुडते, मग हळूहळू सारे शांत होते.

झाले की नाही, हे बुडबुड्यांवर ठरवायचे नसते. त्यासाठी हायड्रोमीटर लागतो. दुधात पाणी किती हे पाहणारा लॅक्टोमीटर हा त्याचाच भाऊ. साखर जास्त तेवढी घनता जास्त. सुरुवातीला घनता १.०५० आणि शेवटी १.०१२ भरली, तर फरक ०.०३८. त्याला १३१ ने गुणले की अल्कोहोलचे प्रमाण सुमारे ५ टक्के येते. दोन-तीन दिवस आकडा हलला नाही, म्हणजे यीस्टचे काम संपले.

पाचवी पायरी बाटलीची. बाटल्या भरताना दर लिटरला साधारण सहा-सात ग्रॅम साखर घालतात. उरलेले यीस्ट ती खाते, तयार झालेला वायू बंद बाटलीत विरघळतो आणि बिअरला फेस मिळतो. त्यासाठी आणखी दोन आठवडे जातात. एकूण काय, पहिल्या दिवसाचे पाच-सहा तास आणि नंतर महिनाभराची वाट.

पहिल्या बॅचमध्ये बिघडते कुठे?

सर्वांत आधी स्वच्छतेत. उकळी थांबल्यानंतर त्या पाण्याला जे जे लागते, ते सारे निर्जंतुक असावे लागते. पिंप, नळी, चमचा, गाळणी, बाटली, यातले एक राहिले तरी पुरेसे आहे. दुग्धाम्ल तयार करणारे जीवाणू शिरले तर बिअर आंबट होते, हवेबरोबर ॲसिटिक आम्ल करणारे जीवाणू शिरले तर तिचा व्हिनेगर होतो. दही लावताना जे जंतू हवेहवेसे असतात तेच इथे घुसखोर ठरतात.

दुसरी चूक तापमानाची, आणि पुण्यात ती हमखास होईल अशी. यीस्ट काम करताना स्वतः उष्णता सोडते, त्यामुळे पिंपातले तापमान खोलीपेक्षा काही अंश जास्त असते. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा ३८-४० अंशांना भिडतो. अशा उष्णतेत साधे एल यीस्ट भडकते, जड अल्कोहोल तयार करते आणि पेयाला रंग पातळ करण्याच्या थिनरसारखा वास येतो. लागर बिअरला तर दहा-बारा अंश लागतात, म्हणजे स्वतंत्र फ्रिजच.

तिसरी चूक घाईची आणि ती धोक्याची. आंबण्याची क्रिया संपण्याआधी बाटल्या भरल्या किंवा साखर अंदाजाने घातली, तर आत दाब वाढत जातो. काच तो सहन करीत नाही आणि बाटली फुटते. घरगुती बिअर करणाऱ्यांच्या जगात याला ‘बाटली बॉम्ब’ म्हणतात. डोळ्यांना आणि हातांना गंभीर इजा होऊ शकते. पातळ काचेच्या सरबताच्या बाटल्या यासाठी कधीच वापरत नाहीत. घरी आल्याचे किंवा फळांचे फसफसणारे पेय करणाऱ्यांनाही हीच खबरदारी लागू होते.

चौथी बाब नळाच्या पाण्याची. त्यातला क्लोरीन माल्टमधल्या फेनॉलशी संयोग पावला की बिअरला दवाखान्यासारखा वास येतो. पाणी आधी उकळून गार केले की क्लोरीन बराचसा निघून जातो.

घरची बिअर विषारी ठरू शकते का?

मालाड-मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरहून अधिक बळी घेतले. त्यामुळे ‘घरी केलेली दारू’ म्हटले की ती आठवण होणे साहजिक आहे. मात्र दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. अशा दुर्घटनांमध्ये मारक ठरते ते मिथेनॉल, म्हणजे उद्योगांसाठीचे अल्कोहोल, दारूत मिसळलेले. धान्य नुसते आंबवल्याने घातक प्रमाणात मिथेनॉल तयार होत नाही. पेय फसले तर ते आंबट, कुबट लागते आणि फेकून द्यावे लागते.

गाळणे, म्हणजे ऊर्ध्वपातन, हा पूर्णपणे वेगळा प्रकार आहे. त्यात ज्वलनशील वाफ असते, आगीचा आणि स्फोटाचा धोका असतो. घरगुती बिअरला परवानगी देणाऱ्या ब्रिटन-अमेरिकेतही परवान्याशिवाय घरी दारू गाळणे बेकायदाच आहे.

आरोग्याचा मुद्दा याहून वेगळा. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. बिअर घरची असल्याने त्यात फरक पडत नाही.

महाराष्ट्राचा कायदा काय सांगतो?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार मादक पेये हा राज्यांचा विषय आहे, तर अनुच्छेद ४७ दारूबंदीच्या दिशेने प्रयत्न करण्याचे मार्गदर्शक तत्त्व सांगतो. महाराष्ट्रात लागू आहे तो १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम, ज्याचे नाव आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम आहे. संपूर्ण दारूबंदी पुढे सैल झाली, तरी कायद्याची चौकट तीच राहिली. म्हणजे मूळ नियम बंदीचा आणि परवाना हा त्याला अपवाद. म्हणूनच महाराष्ट्रात दारू पिण्यासाठीही कागदोपत्री परवाना लागतो. विदेशी मद्यासाठी तो एक दिवसाचा पाच रुपयांत आणि आयुष्यभराचा हजार रुपयांत मिळत आला आहे. सौम्य बिअर आणि वाइनसाठी किमान वय २१ वर्षे आहे, इतर मद्यांसाठी २५.

घरच्या बिअरच्या दृष्टीने कलम १२ आणि १३ महत्त्वाची. परवान्याशिवाय मद्य तयार करणे, ब्रुअरी उभारणे किंवा चालवणे यावर बंदी आहे. एवढेच नाही, तर मद्य तयार करण्यासाठी साहित्य, भांडी आणि उपकरणे जवळ बाळगण्यावरही बंदी आहे. या उल्लंघनांची शिक्षा कलम ६५ मध्ये असून त्यात तुरुंगवास आणि दंड दोन्ही आहेत. हातभट्टीवरच्या छाप्यांच्या बातम्यांत ‘कलम ६५’ हा उल्लेख वाचकांनी अनेकदा पाहिला असेल. गुळाच्या रसायनाच्या पिंपासाठी जे कलम, तेच स्वयंपाकघरातल्या बिअरच्या पिंपालाही लागू पडते.

विकायची नसेल, तरी गुन्हा?

होय. कायदा ‘विक्रीसाठी तयार करणे’ आणि ‘स्वतःपुरते तयार करणे’ असा भेद करीत नाही. किती लिटरपर्यंत चालेल, अशी सूटही त्यात नाही.

‘अल्कोहोल अगदी थोडे आहे’ हा बचावही कच्चा आहे. अन्नसुरक्षा नियमांनुसार अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त अल्कोहोल असलेले पेय मद्य ठरते. पण ती व्याख्या लेबल आणि दर्जासाठी आहे. दारूबंदी कायद्यातली व्याख्या कितीतरी व्यापक आहे. स्पिरिट, वाइन, बिअर, ताडी आणि अल्कोहोल असलेले सर्व द्रव तिच्यात येतात. औषधे, सौंदर्यप्रसाधने आदींसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. आंबील किंवा कांजीवर कोणी बोट ठेवत नाही, पण ‘बिअर’ हा शब्द व्याख्येत थेट लिहिलेला आहे.

शिवाय वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत दारूबंदी आहे, तिथे नियम आणखी कडक आहेत. शेजारच्या मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये आदिवासींना परंपरेने स्वतःपुरती मोहाची दारू करण्याची मर्यादित सूट आहे. ती सूट त्या समाजांसाठी आणि त्या राज्यांपुरती आहे, पुण्यातल्या फ्लॅटमधल्या छंदाला तिचा आधार मिळत नाही.

इतर देशांनी काय केले?

ब्रिटनमध्ये १८८० च्या कायद्यानंतर घरी बिअर करायला परवाना लागत असे. १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढली. विक्री केली नाही तर परवाना नाही आणि करही नाही, असा साधा नियम झाला.

अमेरिकेत राष्ट्रीय दारूबंदी १९३३ मध्ये उठली, पण घरगुती बिअरला केंद्रीय कायद्यात जागा मिळायला १९७८ उजाडले. त्या वर्षी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३८० लिटर, आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर करमुक्त करता येऊ लागली. तरी अंतिम अधिकार राज्यांकडे राहिला. मिसिसिपी आणि अलाबामा या शेवटच्या दोन राज्यांनी परवानगी दिली ती थेट २०१३ मध्ये. या सुटीचा परिणाम घरापुरता राहिला नाही. कॅलिफोर्नियात घरगुती बिअरच्या सामानाचे दुकान चालवणारे केन ग्रॉसमन यांनी १९८० मध्ये ‘सिएरा नेवाडा’ची पहिली बिअर काढली आणि ती अमेरिकेतल्या मोठ्या क्राफ्ट ब्रुअरींपैकी एक झाली.

जपानने मधला मार्ग ठेवला. तिथे परवान्याशिवाय एक टक्का किंवा त्याहून जास्त अल्कोहोलचे पेय घरी आंबवता येत नाही.

पुण्यात मग कायदेशीर वाट कोणती?

परवानाधारक मायक्रोब्रुअरीची. पुण्यात २००९ मध्ये कोरिंथियन्स क्लबमध्ये सुरू झालेली ‘डूलाली’ ही राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी मानली जाते. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी जर्मन ब्रूमास्टर ऑलिव्हर शाउफ यांच्यासह ती उभी केली. पुढे मुंढव्यात ‘इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी’ आली, ‘ग्रेट स्टेट एलवर्क्स’ आली. मधापासून ‘मीड’ हे पेय करणारी ‘मूनशाइन मीडरी’ही पुण्याचीच.

म्हणजे शहरात कौशल्य आहे, बाजार आहे. फरक एवढाच की, अमेरिकेत नवशिका स्वयंपाकघरात शिकतो आणि मग व्यवसायात उतरतो, महाराष्ट्रात शिकण्याची कायदेशीर जागा परवान्याच्या आतच आहे. ज्याला खरोखर हे शिकायचे आहे त्याने ब्रुअरीत उमेदवारी करणे, अन्न तंत्रज्ञान किंवा सूक्ष्मजीवशास्त्राच्या अभ्यासक्रमातून किण्वन शिकणे, किंवा ज्या देशात परवानगी आहे तिथे प्रशिक्षण घेणे, हेच पर्याय उरतात.

कायदा बदलावा का?

सूट द्यावी म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा की, महिनाभर थांबून, चार-पाच किलो धान्य शिजवून दारूचे व्यसन कोणी भागवत नाही. लिटरची मर्यादा, विक्रीवर बंदी आणि गाळण्यावर बंदी ठेवून हा छंद मोकळा करता येईल. ब्रिटन आणि अमेरिकेचा अनुभव ते पुढे करतात.

विरोधी बाजूही हलकी नाही. स्वतःपुरते आणि विक्रीसाठी यातली सीमा तपासायची कोणी? पिंपात बिअर आहे की गाळण्यासाठीचे रसायन, हे दारावर उभ्या असलेल्या शिपायाने कसे ओळखायचे? हातभट्टीवाल्याला ‘घरापुरती आहे’ ही आयती पळवाट मिळेल, ही भीती रास्त आहे. शिवाय महाराष्ट्रात दारूच्या प्रश्नाला बायकांच्या लढ्याचा इतिहास आहे. मतदानाने ‘आडवी बाटली’ करून गावातले, प्रभागातले दुकान बंद पाडण्याची तरतूद इथे त्याच लढ्यातून आली. घराघरांत मद्य तयार करण्याला परवानगी म्हटले की ज्या घरांत दारूने संसार मोडले तिथे त्याचा अर्थ वेगळा लागतो. त्यामुळे हा बदल केवळ छंदिष्टांच्या सोयीचा प्रश्न राहत नाही.

तोवर घरी काय करता येईल?

वर सांगितलेल्या पाच पायऱ्यांकडे पुन्हा पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. धान्याला मोड आणणे, ते वाळवणे, भरडणे, कोमट पाण्यात गोड करणे, गाळणे, उकळणे, या साऱ्यात अल्कोहोलचा थेंबही नाही. ते नाचणीच्या सत्त्वाइतकेच निरुपद्रवी आहे. कायदा आडवा येतो तो चौथ्या पायरीवर, चिमूटभर यीस्ट पडते तेव्हा. त्याआधी थांबले तर हाती येते ते माल्टचे गोड पेय.

त्यासाठी अर्धा किलो अख्खे जव रात्रभर भिजवून फडक्यात बांधावेत आणि दिवसातून दोनदा धुवावेत. दाण्याच्या लांबीएवढे मोड आले की आधी सावलीत, मग उन्हात खडखडीत वाळवावेत. कुबट वास आला किंवा बुरशी दिसली तर सरळ फेकावेत. वाळलेली मुळे चोळून काढून दाणे जाडसर भरडावेत. दीड लिटर उकळते पाणी आणि एक लिटर साधे पाणी मिसळले की तापमान ७० अंशांच्या आसपास येते. त्यात भरड घातली की ते ६५ वर उतरते. भांडे झाकून, जाड टॉवेलात गुंडाळून तासभर ठेवावे. मग गाळून, आले ठेचून घालून पंधरा मिनिटे उकळावे. गार झाल्यावर लिंबू पिळून, हवा तर वरून सोडा ओतून प्यावे. हे पेय बाहेर ठेवले तर हवेतले यीस्ट त्यात आपोआप कामाला लागते, म्हणून ते फ्रिजमध्येच ठेवावे आणि दोन दिवसांत संपवावे. ज्यांना ग्लुटेन चालत नाही त्यांनी जव टाळावेत.

आंबवण्याचीच हौस असेल तर आंबील आहे. नाचणीचे पीठ रात्रभर पाण्यात किंवा ताकात आंबवायचे, सकाळी शिजवायचे, त्यात ताक, मीठ, जिरे आणि ठेचलेला लसूण घालायचा. इथे काम करतात ते दुग्धाम्लाचे जीवाणू. तापमान, वेळ आणि स्वच्छता यांचे धडे यातही मिळतात. आंबील किती तासांत किती आंबते, उन्हाळ्यात आणि थंडीत काय फरक पडतो, कोणत्या भांड्यात ती बिघडते, याची नोंद ठेवणाऱ्याला किण्वनाचा अर्धा अभ्यास घरबसल्या होतो.

ऑनलाइन दिसणारा बिअरचा संच मात्र मागवण्यापूर्वी कलम १३ आणि कलम ६५ वाचलेले बरे. उपकरणे विकत मिळतात म्हणून त्यांचा तसा वापर कायदेशीर ठरत नाही. छापा पडला तर प्रश्न विक्रेत्याला नव्हे, ज्याच्या घरात पिंप सापडले त्याला विचारला जातो.